मोराचा तिसरा पाय

"बावीस वरसं तुज्याकडं राहिली, आता बावीस वरसं माज्याकडं! साधा हिशोब हाय."

"आगं, बावीस वरसांनी मी पंच्याऐंशीची हुईन!"

"मग तवा घे की परत. मी कुठं पळून चाललोय?"

"परत द्यायला तू चालत येणार का चौघांच्या खांद्यावरनं?"

"अक्के, तोंड सांभाळ!"

"तू टोक सांभाळ! वढू नगंस, दांडात उसवंल!"

टोकं चार होती. दोन झुंबरबाईंच्या मुठीत आणि दोन माझ्या. माझा ह्या भांडणाशी काही संबंध नव्हता. मी दूध आणायला चालले होते. पण चादरी वाळायच्या वेळेला अक्काताईंच्या दारावरून जाऊ नये, हे आमच्या उचगावातल्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चादरीची घडी एकट्या माणसानं घातली तर ती तिरकी बसते आणि तिरक्या घडीची चादर लवकर विरते, असं अक्काताईंचं शास्त्र. त्यामुळं दिसेल त्याला हाक. "ये गं, जरा टोक धर." गॅसवाल्यानं टोकं धरलीत, कुरिअरवाल्यानं धरलीत. पंचायतीच्या निवडणुकीत हात जोडून आलेल्या एका उमेदवाराला त्यांनी सहा चादरी संपेपर्यंत उभं केलं होतं. तो पडला, पण 'घडी लई झ्याक घालायचा बिचारा' म्हणून अक्काताई अजून हळहळतात.

तर मी टोकं धरून उभी होते, समोरची दोन अक्काताईंच्या हातात होती, तेवढ्यात वारणानगरहून दोन बस बदलून आलेल्या त्यांच्या जुन्या शेजारीण झुंबरबाई थेट आत शिरल्या. चप्पल काढली, पिशवी ठेवली आणि पाणीसुद्धा न मागता अक्काताईंच्या हातातली टोकं हिसकून घेतली. बावीस वर्षांनी ह्या घरात आलेल्या बाईनं पहिलं काम केलं ते हे.

"मावशी, आधी बसा की. च्या टाकतो," अक्काताईंची सून शिवलीला स्वयंपाकघरातून म्हणाली.

"च्या नगं मला. मी चादर न्यायला आलोय. चादर नसंल द्यायची तर चिठ्ठी बदला!"

"कसली चिठ्ठी?" अक्काताईंनी भाबडा चेहरा केला. तो त्यांना अजिबात शोभत नाही.

"कसली म्हणं! रविवारी शाळंच्या हॉलात ही चादर टांगणार हायसा का न्हाय? आणि तिच्याखाली माज्या नावाची चिठ्ठी लावणार हायसा का न्हाय? त्या मुडद्याच्या खाली?"

मुडदा म्हणजे मोर. चादर पांढऱ्या मांजरपाटाची, मधोमध वरपासून खालपर्यंत एक शिवण, आणि शिवणीच्या दोन बाजूंना दोन मोर, चोचीला चोच लावून. एकच नक्षी, एकच मापं. फरक एवढाच की एका मोराला दोन पाय होते आणि दुसऱ्याला तीन.

तिसरा पाय काही चुकून आलेला टाका नव्हता. चांगला नखं-बिखं असलेला, गुडघ्यात वाकलेला, सबंध पाय होता. बघणाऱ्याला वाटावं, मोर कुठंतरी निघालाय आणि कुठल्या पायानं निघावं हे अजून ठरत नाहीये.

चिठ्ठीचं प्रकरण असं. गावच्या महिला मंडळानं रविवारी 'जुन्या घड्या' नावाचं प्रदर्शन ठेवलंय. घरोघरच्या जुन्या चादरी, अभ्रे, वाकळा, रुमाल, सगळं दोरीवर टांगायचं आणि प्रत्येकाखाली करणारणीचं नाव लिहायचं. मंडळाच्या क्रांती मॅडम परवा अक्काताईंकडं आल्या तेव्हा मी तिथंच होते. टोक धरून.

"अक्काताई, तुमच्याकडं विंटेज माल आहे नुसता!"

"विंटेज म्हंजे?"

"म्हणजे जुनं, पण भारी."

अक्काताईंनी सोप्यात पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडं मान वळवली. "मग आमचं हे विंटेज म्हणायचं का?"

"आं..." मॅडम अडखळल्या.

"न्हाय न्हाय," अक्काताईंनीच निकाल दिला. "हे नुसतंच जुनं."

भीमाप्पाकाकांनी पेपरचं पान उलटलं. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी पानं उलटायची सवय लावून घेतली आहे.

तर ती मोराची चादर मॅडमना फार आवडली. शिवलीलानं फोटो काढला आणि त्याच रात्री स्टेटसला टाकला: 'रविवारी शाळेच्या हॉलात, नावाच्या चिठ्ठीसकट. उजवा मोर आमच्या आत्तींचा, डावा झुंबरमावशींचा. पाय मोजा!' पाय मोजून लोक हसले. वारणानगरात झुंबरबाईंच्या सुनेनंही मोजले. तिनं मोबाईल सासूपुढं धरला आणि विचारलं, "आत्याबाई, ह्या झुंबरमावशी तुम्हीच का?"

आज सकाळच्या पहिल्या एस्टीनं झुंबरबाई निघाल्या.

*

अक्काताईंच्या घरात कापड मरत नाही, त्याची फक्त बदली होते. साडी नेसून नेसून मध्ये विरली, की त्या विरलेला पट्टा कापून काढतात आणि उरलेली दोन चांगली टोकं एकमेकांना जोडतात. ह्याला दांड घालणं म्हणतात. पूर्वी घरोघरी घालायचे. आता आमच्या गल्लीत हा शब्द फक्त ह्या एका घरात राहिलाय आणि दिवसातून दहा वेळा वापरला जातो. दांड घातलेली साडीही विरली की तिची वाकळ. वाकळीचा थर फाटला की पायपुसणं. पायपुसण्याचं पोतेरं. पोतेरं हातात राहीना झालं की न्हाणीच्या भोकात बोळा. बोळा वाहून गेला की अक्काताई म्हणतात, "रिटायर झालं."

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई सगळ्या गल्लीत ओरडत फिरते, अक्काताईंच्या दारासमोर आवाज बंद करते. मी एकदा तिला कारण विचारलं. म्हणाली, "त्या घरात गेलतो एकदा. वाटी द्यायला गेलो आणि दोन परकर घेऊन यायचं सोडून वाटी तिथंच ठिवून आलो. कसं झालं ते अजून कळलं न्हाय बघा."

भीमाप्पाकाकांच्या शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून, उलटी करून परत बसते. दोन्ही बाजू झिजल्या की कॉलरच काढून टाकली जाते आणि काका त्या शर्टाला 'बिनकॉलरचं' म्हणायला शिकतात. त्यांच्या उशीचा अभ्रा मैद्याच्या पोत्याचा आहे. शंभर वेळा धुतला तरी त्यावरची लाल अक्षरं पुरती गेलेली नाहीत. घामाच्या दिवसांत काका सकाळी उठतात तेव्हा गालावर उलट्या अक्षरांत 'निव्वळ वजन' उमटलेलं असतं.

"अगं, एखादा नवा अभ्रा घे की," ते एकदा म्हणाले होते.

"कशाला? वजन बरोबर हाय न्हवं?"

शिवलीला लग्न होऊन आली तेव्हा तिनं हौसेनं गांधीनगरच्या बाजारातून एकावर एक फ्री अशा दोन चादरी आणल्या. गुळगुळीत कापड, त्यावर परदेशातला कसलातरी उंच मनोरा. अक्काताईंनी चादर चिमटीत धरून बघितली. "ह्येच्यावर निजायचं म्हंजे लाइटीच्या टावरवर निजल्यागत." मग त्यांची नजर चादरीच्या चेनवाल्या प्लॅस्टिक पिशवीवर गेली आणि चेहरा उजळला. "पिशवी मात्र झकास हाय हां!" त्या पिशवीत आज सात वर्षं पापड आहेत. चादरींचा पत्ता नाही.

त्यांच्या हातच्या चादरीला अंग लावलं की मात्र माणसाला कळतं. सकाळच्या भाताची पेज बाजूला काढून तिची खळ, त्यात निळीचा एकच थेंब, उरलेली पेज म्हशीला. उन्हात वाळलेल्या त्या चादरीला ताज्या भाताचा मंद वास येतो. माझ्याकडं पाहुणे आले की मी त्यांच्याकडूनच दोन चादरी मागून आणते आणि पाहुणे सकाळी उठून विचारतात, कुठून घेतल्या हो?

आणखी दोन नियम सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच अडलं. पहिला: रंगीत काम असलेलं कापड उलट्या बाजूनं वाळत घालायचं, ऊन रंग खातं. घरासमोरच्या तारेवर त्यांचे सगळे अभ्रे-रुमाल असे उलटे लोंबत असतात. दुसरा: बाईचं काम बघायचं तर सुलट बघू नये, उलट बाजू बघावी. सुलट बाजू लोकांना दाखवायची असते.

एवढे नियम पाळणारी ही बाई मोराची चादर मात्र पुढच्या तारेवर कधी घालत नाही. मागच्या गच्चीवर, पत्र्याच्या आडोशाला घालते. आम्हाला वाटायचं, जपते.

*

"तू मला सांग," झुंबरबाईंनी आता माझ्याकडं मोर्चा वळवला. मी टोकं आणखी घट्ट धरली. "तू शिकल्यालीस. ह्या चादरीत अर्धी माजी हाय, हे हिला तरी कबूल हाय का न्हाय ते इचार."

"कबूल हाय की!" अक्काताई म्हणाल्या. "मी कवा न्हाय म्हणलं? अर्धी तुजी, अर्धी माजी. एका थानातला कपडा हाय."

ही गोष्ट दोघी कोरसात सांगू शकतात, इतकी पक्की आहे. अडतीस वर्षांपूर्वी दोघी नव्या नवऱ्या, शेजारी शेजारी घरं. एकीनं मांजरपाटाचं कापड आणलं, दुसरीनं कार्बन पेपर आणि मोराची नक्षी. दोघींनी एकेक चादर केली, प्रत्येकीच्या एका कडेला एकेक मोर. पुढं गल्लीतल्या विठाबाईंच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा घरोघरच्या चादरी वऱ्हाडाला दिल्या गेल्या. ह्या दोन शेजारी शेजारी अंथरल्या होत्या. एका पावण्यानं पेटती बिडी बोटात ठेवून डोळा लावला. दोन्ही चादरी आतल्या अंगानं जळल्या. बाहेरच्या कडेचे मोर वाचले.

"मी लई रडलो," झुंबरबाई म्हणाल्या.

"रडून काय हुतंय? मी दांड घातला," अक्काताई म्हणाल्या. "जळल्याला भाग कापला. तुजा चांगला अर्धा, माजा चांगला अर्धा. दोन मोर मधी आलं. दोन चादरी गेल्या, एक झाली."

"आणि ठरलं काय हुतं?"

"पाडव्याला बदलायची. एक वरीस तुज्याकडं, एक वरीस माज्याकडं."

"आणि आमच्या ह्यांना वारणानगरला नोकरी लागली तवा वरीस कुणाचं चालू हुतं?"

"माजं," अक्काताई जरा बारीक आवाजात म्हणाल्या.

"बघा! आणि तवापासनं हिच्या घरात पाडवाच आला न्हाय!"

आतून शिवलीला फिस्सकन हसली. अक्काताईंनी तिकडं एक डोळा टाकला आणि ती चहाच्या भांड्याकडं वळली.

"बरं बाई, ने चादर," अक्काताई अचानक म्हणाल्या. "रविवार झाला की ने. वरीसभर ठेव. दोन वरसं ठेव."

मला वाटलं, मिटलं. दूध आणायला जाता येईल. पण झुंबरबाईंनी टोकं सोडली नाहीत.

"चादर न्हाय ग अक्के. आता चादर नगंच मला." त्या एकदम हळू बोलायला लागल्या आणि त्यामुळंच बाहेर पायरीवर जमलेल्या बायका आणखी पुढं सरकल्या. "तुला ठावं हाय का, ह्या गल्लीत मला काय म्हणत्यात? तीन पायांची झुंबर. मी गेल्यावर नाव पडलं. वारणेला आलं ते नाव, माज्या मागनं. एस्टीनं आलं का दुधाच्या गाडीनं, ते ठावं न्हाय. पोराची सोयरीक बघायला पावणं आलं, ते माज्या तोंडाकडं न्हाय, पायाकडं बघत बसलं! त्यांना वाटलं, मला काठी लागती. एक म्हातारा मला म्हणतोय, 'बसा, बसा, तरास घिऊ नका.' मी आपली तरातरा चालून दाखवतोय, पाणी दे, च्या दे, परत पाणी दे. त्यांना घाम फुटला, पाणी पिऊन."

पायरीवर हशा पिकला. झुंबरबाईही हसल्या, पण तोंडानंच.

"कुणी पाडलं हे नाव?"

"मी काय नाव ठेवायला गेलतो?" अक्काताई म्हणाल्या. "संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला चादर अंथरलीती. बायकांनी इचारलं, हा तीन पायाचा मोर कुणाचा? मी म्हणलं, मला काय इचारताय?"

"एवढंच म्हणलीस?"

"...आणि म्हणलं, झुंबर आता वारणेला असती."

गल्लीतल्या बायकांना एवढं पुरे होतं. दोन मोर, दोन बाया. एकीच्या सुईला सगळं गाव मानतं, दुसरी गाव सोडून गेलेली. तिसरा पाय कुणाच्या पदरात टाकायचा ह्यात अवघड काय होतं? शिवाय दांड घालायच्या आधी अक्काताईंची चादर धड कुणी बघितलीच नव्हती. मोराची कड कायम भिंतीकडं असायची.

"मग आता सांग," झुंबरबाई म्हणाल्या. "चारचौघींत सांग. डावा मोर कुणाचा?"

"डावा म्हंजे? कुठनं बघितल्यावर?"

"आं?"

"तू तिकडनं बघतीस, मी हिकडनं. तुजा डावा तो माजा उजवा." अक्काताईंनी मला खूण केली. "फिर गं तू जरा."

मी टोकं घेऊन गोल फिरले, समोरून झुंबरबाईंना फिरावं लागलं. मोरांच्या जागा बदलल्या.

"हे बघ. आता डावा उजवा झाला. चिठ्ठी कुठं लावायची ते टांगणाऱ्यावर हाय."

"वकील हुतीस तू अक्के, वकील! शाळा कशाला सोडलीस?" झुंबरबाई कडाडल्या. "बरं. डावं-उजवं ऱ्हाऊ दे. तीन पायाचा मोर कुणाचा?"

अक्काताईंनी चादरीचा काठ सरळ केला. "नक्षी तुजी हुती. कार्बन तू लावलास."

"सुई कुणाची हुती?"

"आता अडतीस वरसांनी सुई कुठं हुडकू?"

"सुई नगं. चादर उलटी कर."

सोप्यातला पेपर वाजायचा थांबला.

"उलटी कशाला?" अक्काताई म्हणाल्या. आवाज बदललेला मला हातभर अंतरावरून कळला. "लोक काय उलट्या चादरीवर निजत्यात?"

"आत्ती, पण तुम्हीच म्हणता की," शिवलीला चहाचे कप घेऊन बाहेर आली. तिच्या आवाजात खोडी नव्हती, तिला खरोखरच आठवलं होतं. "काम बघायचं तर उलट्या बाजूनं. माज्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही माजा ब्लाऊज उलटा करून हेमिंग बघितलंत. पावण्यांसमोर."

"ते ब्लाऊजचं हुतं!"

"आणि परवा क्रांती मॅडमच्या अभ्र्याचं?"

शिवलीलानं कप खाली ठेवले, चादरीखाली हात घातला आणि आम्ही तिघींनी मिळून ती उलटी केली.

दोन पायांच्या मोराची उलटी बाजू जवळपास सुलटीसारखीच होती. एकही गाठ नाही, एकही धागा इकडचा तिकडं गेलेला नाही. नुसतं बघत राहावं असं काम. झुंबरबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "माजी आई शिकवायची, गाठ मारलीस तर मार खाशील."

तीन पायांच्या मोराची उलटी बाजू म्हणजे गाठींचं वारूळ. दर दोन बोटांवर गाठ. हिरव्या पिसाऱ्यात किमान सात हिरवे होते. पोपटी संपला की शेवाळी, शेवाळी संपला की कसल्यातरी पडद्याचा. कुठं लोकरीचा तुकडा, कुठं पोत्याची शिवण उसवून काढलेला दोरा. वीतभराच्या वर लांब दोरा त्या अख्ख्या मोरात नव्हता. अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात असला मोर भरणारी बाई एकच असू शकते.

"ही गाठ मी वळखतो," शिवलीला हळूच म्हणाली. "माज्या परकराच्या नाडीला हीच हाय. पोराच्या दप्तराला हीच हाय."

भीमाप्पाकाका पेपर ठेवून उठले होते. ते चादरीशी वाकले, चष्मा वर केला आणि मोराच्या तुऱ्यावर बोट ठेवलं.

"हा केशरी दोरा..."

"तुम्ही गप बसा," अक्काताई म्हणाल्या.

"हा माज्या लग्नातल्या फेट्याचा हाय!"

"गप बसा म्हणलं न्हवं?"

"न्हाय, हा जरीचा बारीक काठ हाय की ह्येच्यात! माजा फेटा!" काकांनी चष्मा नाकावर आणला आणि बायकोकडं बघितलं. "अडतीस वरसं मला वाटलं, तुज्या भावानं ढापला. दर दिवाळीला तो येतो आणि मी पोटात दुखतंय म्हणून आत निजून राहतो. तो बिचारा दर वर्षी मला ओव्याचा अर्क आणून देतो!"

"काट उसवल्याला हुता," अक्काताई पुटपुटल्या. "फेटा नुसता पडून हुता."

"आणि बाकीचा फेटा?"

अक्काताईंची नजर नकळत खाली गेली. आम्हा सगळ्यांची गेली. उंबऱ्याजवळच्या पायपुसण्यात एक केशरी पट्टी अजून ओळखू येत होती. काका त्याच्यावरच उभे होते. ते घाईघाईनं बाजूला झाले.

पायरीवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. एरवी अशा वेळी झुंबरबाईंनी टाळी दिली असती, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी तिसऱ्या पायावरून अंगठा फिरवला, एकेका गाठीवरून, सावकाश.

"मी तवाच म्हणलं हुतं तुला," त्या म्हणाल्या. "आठवतंय? आपण तुज्या ह्याच पायरीवर बसलोतो. मी म्हणलं, अक्के, कार्बन सरकलाय, पाय भलतीकडं आला. उसव आणि नव्यानं घाल. तू म्हणलीस, उसवला तर दोन हात दोरा वाया जाईल. ऱ्हाऊ दे, शेजारी बरोबर पाय घालतो. मोराला एक पाय जास्त झाला तर कुणाचं काय जातंय?"

अक्काताई चादरीकडंच बघत होत्या.

"माजं गेलं की गं," झुंबरबाई म्हणाल्या.

चहावर साय धरली. शिवलीलानं एकदा सासूकडं, एकदा झुंबरबाईंकडं बघितलं आणि मोबाईल उचलून ते स्टेटस शोधायला लागली. मग आठवलं, ते केव्हाच निघून गेलंय. अशा गोष्टी चोवीस तासांत मिटतात, असं फक्त मोबाईललाच वाटतं.

"रविवारी त्या मोराखाली कुणाचं नाव लिवणार हाईस?" झुंबरबाईंनी विचारलं. "ह्या सगळ्या उभ्या हाईत. हितंच सांग. मी परतीची बस सोडतो, पण ऐकल्याशिवाय जाणार न्हाय."

पायरीवरच्या बायकांनी माना पुढं काढल्या. ह्यातल्या प्रत्येकीचं काम अक्काताईंनी कधी ना कधी उलटं करून बघितलेलं होतं, आणि प्रत्येकीला नाक मुरडलेलं होतं. गाठ दिसली की 'आयनं शिकवलं न्हाय वाटतं?' असं प्रत्येकीला ऐकवलेलं होतं. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं.

"सांगा की अक्काताई," मागून कुणीतरी म्हणालं. "आमाला काय, बाजू कुठली का असंना."

अक्काताईंनी आधी माझ्या हातातली टोकं घेतली, मग झुंबरबाईंच्या हातातली. झुंबरबाईंनी ह्या वेळी ओढली नाहीत. घडी घालतील असं मला वाटलं, मी सवयीनं हातही पुढं केले. पण घडी घातली नाही. चादर होती तशीच, गाठी वर ठेवून, त्यांनी खांद्यावर टाकली. खुंटीवरच्या फडक्याच्या पिशवीत हात घातला आणि चिमटे काढले. दोन नव्हे, चांगले सहा. चार मुठीत घेतले, दोन दातांत धरले.

"अक्के, मी काय इचारलं?"

भीमाप्पाकाका पायपुसणं उचलून झटकत होते. ते वाटेतून बाजूला सरकले. पायरीवरच्या बायकांनी वाट दिली. अक्काताईंनी मागच्या जिन्याकडं, गच्चीकडं, बघितलंसुद्धा नाही. उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं. पाठीवर तो सात हिरव्यांचा, गाठीगाठींचा मोर तिन्ही पाय हलवत लोंबत होता, आणि त्या पुढच्या दारानं, गल्लीतल्या तारेकडं, चालू लागल्या.